ओटीच्या दगडावर चढलेलं पाणी

सदा,

तू गेलास हे कळलं तेव्हा मला आधी रडू आलं नाही, आईचा राग आला. आता खोटं कशाला बोलू. कचेरीतल्या शिपायानं ओट्याला सायकल टेकवली, "तलाठी भाऊसाहेब गेले, सकाळी, दवाखान्यातच," एवढं सांगितलं, आणि आत भाकरी थापत बसलेली आई पिठाच्या हातानं तशीच बाहेर येऊन उंबऱ्यात बसली. ती रडली. मी तिला कधी रडताना पाहिलेलं नव्हतं. वडील गेले तेव्हा मी तीन-चार महिन्यांचा होतो, त्यामुळं त्यांच्यासाठी ती कशी रडली मला ठाऊक नाही. पण मी मेलो तर ती एवढी रडेल का, हा विचार मी तिथं उभ्या उभ्या केला, आणि त्याचं उत्तर मला आवडलं नाही.

मेलेल्या माणसाचा हेवा कुणी करत नाही. मी करतोय. तू होतास तेव्हाही करत होतो, आणि ते तुला माहीत होतं, वर तू त्यावरून मला चिडवायचास. "राव, आज तोंड का आंबलंय? माझ्या ताटात भाकरी मोठी पडली का?" असं तू जेवताना विचारायचास, आणि आई हसायची. माझ्या बोलण्यावर ती हसली असलीच तर मी बोबडं बोलत असताना हसली असेल.

तू आमच्या गावात तलाठी होऊन आलास तेव्हा तुझ्याजवळ एक पत्र्याची ट्रंक आणि एक मोडक्या दांड्याची छत्री होती. जेवणाची सोय पाटलांनी आमच्याकडे लावून दिली. पाटील म्हणजे माझे थोरले चुलते, त्यांचा शब्द आमच्या घरात मोडला जात नसे. पहिले पंधरा दिवस तू आईला काकू म्हणालास. सोळाव्या दिवशी आई म्हणालास. तुझी आई तिकडं कोकणात तू लहान असतानाच वारली होती हे मला माहीत होतं, तरी मनात आलंच, ह्याला दुसऱ्या कुणाची आई सापडली नाही का. आईनं मात्र मान वर न करता तुझ्या ताटात आमटी वाढली, जणू तू जन्मापासून तसंच म्हणत आलास.

मी मोजणी खात्यात सर्व्हेअर होतो, गावचा शिकलेला मुलगा. रस्त्यानं निघालो की पारावरची माणसं उठून उभी राहायची. तू आलास की उठायची नाहीत, सरकून जागा द्यायची. हा फरक मला फार उशिरा कळला. तेव्हा मी उठून उभं राहण्यालाच मान समजत होतो.

मग तो हुकूम आला. इंद्रायणीकाठच्या गावांनी पुराचा धोका किती आहे ते तपासावं, पाणी कुठवर चढू शकतं त्याची रेषा काढावी, आणि रेषेखालच्या घरांची यादी करून पाठवावी. यादीतल्या घरांना वर माळावर, गायरानात, जागा मिळणार होत्या. ज्यांचं नाव यादीत नाही त्यांनी आहे तिथंच राहायचं. म्हणजे कुणाच्या चुलीत पाणी शिरणार आणि कुणाच्या नाही हे एका कागदावर ठरणार होतं, आणि आमच्या गावापुरता तो कागद तुझ्या-माझ्या हातात आला. रेषा माझी, यादी तुझी.

बांधकाम खात्याकडून मी उंची मोजायची दुर्बीण मागून आणली, तिपाईसकट. तो दिवस आठवला की मला अजून हसू येतं, आणि आता हसू आलं की लगेच दुसरं काहीतरी येतं. आकड्यांची लांब पट्टी धरून तुला घाटावर उभं राहायचं होतं. जाण्याआधी तू एकदा दुर्बिणीतून बघू द्या म्हणालास. बघितलंस, आणि काही न बोलता खाली गेलास. दुपारपर्यंत माझा एकही आकडा जुळेना. मी पुन्हा पुन्हा लिहितोय, खोडतोय, घाम पुसतोय. शेवटी खाली येऊन बघतो तर तू पट्टी उलटी धरलेली. त्या दुर्बिणीतून सगळंच उलटं दिसतं हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात. तुला वाटलं पट्टी चुकून उलटी उभी केलीय, बिचाऱ्या रावांना आकडे उलटे वाचावे लागतील, म्हणून तू ती माझ्यासाठी सुलटी केलीस. मी तुझ्यावर ओरडलो. घाटावर धुणं धुणाऱ्या बायका हसल्या, आणि त्या तुझ्या बाजूनं हसल्या. संध्याकाळी घरी आल्यावर तू हा किस्सा आईला सांगितलास तेव्हा मी ओरडलो तेवढा भाग गाळलास.

रेषा काढायची तर सुरुवात कुठून करायची हा प्रश्न होता. आजवरचं सगळ्यांत मोठं पाणी कुठं आलं होतं ते आधी ठरायला हवं. मी पाळण्यात होतो त्या साली आलेला पूर सगळ्यांत मोठा, यावर गावाचं एकमत होतं. तो कुठं थांबला यावरही होतं. नदी गावाकडं चढायला लागली की आमच्याकडं सवाशिणी पाण्याच्या कडेला जाऊन तिची ओटी भरतात. खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू. मग नदी माहेरवाशिणीसारखी तृप्त होऊन माघारी फिरते असं मानतात. त्या साली पाटलीणबाईंनी, म्हणजे माझ्या थोरल्या काकींनी, घाटाच्या वर असलेल्या एका सपाट दगडावर उभं राहून ओटी भरली आणि पाणी त्या दगडाला शिवून परत गेलं. तेव्हापासून तो ओटीचा दगड. मी पाटलांना विचारलं, देवळातल्या म्हाताऱ्यांना विचारलं, खुद्द काकींना विचारलं. "माज्या पायाला पानी लागलं आन् तितनंच फिरलं बग," काकी म्हणाल्या, आणि त्यांनी मला पाऊल कुठं होतं तेसुद्धा दाखवलं.

एवढी साक्ष कुठल्या सर्व्हेअरला मिळते? मी दगडावर पट्टी उभी केली, तिथून सगळ्या गावाच्या उंच्या घेतल्या, आणि नकाशावर लाल शाईनं रेषा ओढली. घाटालगतची चार घरं रेषेखाली आली. खालची आळी, जिच्या तोंडाशी आमचं घर होतं, ती रेषेच्या वर राहिली. इतकी सुबक रेषा मी पुन्हा काढली नाही. ती आईला दाखवली तेव्हा ती म्हणाली, "चांगली हाय." तेवढंच म्हणून ती शेणी आणायला गेली.

तू त्या दिवसांत घरोघर हिंडत होतास. मोजत काहीच नव्हतास. बायकांना विचारायचास, मीठ कुठं ठेवता, बियाणं कुठं ठेवता, पावसाळ्यात सरपण कुठं चढवता. मी विचारलं, हे तलाठ्याला कशाला हवं. तू म्हणालास, आमच्या कोकणातल्या नद्या तासात येतात आणि तासात जातात, पुरुषांच्या ते ध्यानातही राहत नाही, पण एकदा जिचं मीठ विरघळलं ती बाई पुन्हा मीठ खाली ठेवत नाही. मी मोठ्यांदा हसलो. कचेरीत जाऊन दोघा-तिघांना सांगितलंही, आमचे तलाठी मिठाच्या बरण्या मोजतात.

आमच्या घरातलं मीठ ज्या फळीवर होतं तिच्याकडं तू एक दिवस जेवता जेवता बघत बसलास. ती फळी माझ्याही डोक्याच्या वर होती. मीठ काढायला आई पाटावर चढायची. मी जन्मभर ती फळी बघत आलो होतो, आणि मला वाटायचं फळ्या तेवढ्याच उंच असतात.

दोन दिवसांनी तू मला ओट्यावर गाठलंस. रेषा वर न्यायला पाहिजे, म्हणालास. खालची आळी यादीत आली पाहिजे. मी विचारलं, पुरावा काय. तू म्हणालास, त्या साली ओटी भरून सगळे वर देवळात गेल्यावर पाणी दगडाच्या वर चढलं होतं, घटकाभर आळीत उभं होतं, हे स्वतः पाहिलेलं माणूस आहे. मी म्हटलं, नाव सांग. तू म्हणालास, नाव सांगणार नाही असा शब्द दिलाय. मी म्हटलं, मग शब्द घेऊन बस, माझी रेषा दुर्बिणीची आहे. तू म्हणालास, दुर्बीण खरी आहे राव, दगड खोटा आहे.

हे वाक्य मला झोंबलं. दगड खोटा म्हणजे काकी खोट्या, पाटील खोटे, गाव खोटं. आणि हे सगळं कोण म्हणतंय, तर काल आलेला, पट्टी उलटी धरणारा माणूस. पण खरं सांगू का, मला त्याहून जास्त झोंबलं ते वेगळंच. माझ्याच गावातलं कुणीतरी, मी इथं जन्मलो, वाढलो, शिकलो, तरी मला न सांगता तुला सांगून गेलं होतं. ते कोण हे मला कळेना, आणि कळेना म्हणून मला सगळ्यांचाच संशय यायला लागला.

मी दुर्बीण पेटीत घातली आणि पेटीला कडी लावली. तू मागितलीस, मी दिली नाही. मग तू गवंड्याकडून पाणसळ आणलीस आणि सुतळीचं एक गुंडाळं. पाण्याचा बुडबुडा मध्ये आणायचा, सुतळी ताणायची, खुंटी ठोकायची, पुढं सरकायचं. जे काम मी अर्ध्या दिवसात केलं असतं त्याला तुला तीन दिवस लागले. पहिल्या दिवशी तू एकटा होतास. दुसऱ्या दिवशी आळीतला एकजण सुतळीचं टोक धरायला आला. तिसऱ्या दिवशी सगळी आळी खुंट्या घेऊन तुझ्यामागं होती. मी ओट्यावरून बघत होतो. माझ्यासाठी कुणी कधी सुतळीचं टोक धरलं नव्हतं, मी शिपाई न्यायचो.

तुझी रेषा माझ्या रेषेच्या पुष्कळ वरून गेली आणि सबंध खालची आळी तिच्या पोटात आली. यादीच्या खाली दोन सह्या लागणार होत्या. तू तुझी केलीस, मी केली नाही. ती रिकामी जागा तशीच ठेवून तू यादी चावडीत वाचायला नेलीस.

चावडीतल्या त्या दुपारचा विषय आपण दोघांनी पुन्हा कधी काढला नाही, म्हणून आता काढतो. खालच्या आळीचं नाव वाचलंस तेव्हा पाटील शांतपणे म्हणाले, "भाऊसाहेब, ह्याचा अर्थ पानी दगडाच्या म्होरं आलं व्हतं, आसं म्हनायचंय का?" तू होय म्हणालास. त्याचा आणखी एक अर्थ होता, तो चावडीत प्रत्येकाला समजला. पाटलीणबाईंनी भरलेली ओटी नदीनं घेतली नाही. "कोन म्हंतंय?" पाटलांनी विचारलं.

"मी म्हणतो," तू म्हणालास.

"तुमी त्या साली कुटं व्हता?"

"मी नव्हतो. तरी मी म्हणतो."

पाटलांनी माझ्याकडं बघितलं. सर्व्हेअर, तुमची रेषा काय म्हणते, असं विचारलं. मी म्हटलं, माझी रेषा दगडापासून आहे. एवढंच. त्यात खोटं काही नव्हतं. पण तू एकदा माझ्याकडं बघितलंस आणि मान फिरवलीस, आणि मला आतून बरं वाटलं. हे मी कुणाला कबूल केलं नव्हतं. तुला त्या दिवशी सगळ्यांसमोर एकटं पडलेलं बघून मला बरं वाटलं.

नंतर तुझे हाल झाले ते मी पाहिले. पाटलांच्या वाटेवरनं तू गेलास की ओसरीवरची माणसं बोलायची थांबायची. तुझ्या बदलीसाठी अर्ज गेला. पारावर तुला सरकून जागा मिळेनाशी झाली. मी वाट बघत होतो की आता आई तरी तुझं ताट बंद करील, कारण अपमान तिच्या थोरल्या जावेचा झाला होता. तिनं तुला वाढताना तूप जास्त घातलं. मी विचारलं, काकींना काय वाटेल. आई म्हणाली, जेवणाऱ्याला वाढू नये असं मला कुणी शिकवलं नाही.

अर्ज कुठं अडकला कुणास ठाऊक, पण यादी वर गेली आणि एका सहीवरच मंजूर झाली. खालच्या आळीला माळावर जागा मिळाल्या. जायला कुणी तयार नव्हतं. पाणी डोक्यावरून आणायचं, वारा अंगावर घ्यायचा, आणि तेही एका परक्या तलाठ्याच्या सुतळीपायी. सगळ्यांत आधी माझी आई उठली. तिनं हंडा-कळशी डोक्यावर घेतली, मला म्हणाली तुला यायचं तर ये, आणि चालायला लागली. तिच्यामागून मग एकेक घर हललं. मला वाटलं, ही सदाचं ऐकते. मी सव्वीस वर्षांचा मुलगा, मी नको म्हणत असताना ही सदाचं ऐकते. नव्या घराला कूड घालताना मी तुझ्याशी आठ दिवस बोललो नाही. तू माती कालवत होतास.

दुसऱ्या वर्षी श्रावणात नदी आली. तू होतास, मी होतो, तेव्हा काय काय झालं ते तुला सांगायची गरज नाही. एकच सांगतो. पाणी दगडाला लागलं तेव्हा काकी ओटी घेऊन खाली गेल्या, सत्तरीला आलेल्या, नऊवारीचा काचा मारून. त्यांनी खण-नारळ वाहिला, हात जोडले, आणि आम्ही सगळे वर थांबलो. पाणी फिरलं नाही. काकींच्या घोट्यापर्यंत आलं, पोटऱ्यांपर्यंत आलं, तरी त्या हलेनात. मी खाली उतरलो आणि हात पुढं केला. तू पलीकडून आलास. माझा हात त्यांच्या जवळ होता, सदा. त्यांनी तुझा धरला. ज्या माणसानं भर चावडीत त्यांची ओटी खोटी पाडली त्याचा हात धरून त्या वर आल्या, आणि तू त्यांना एका शब्दानं काही बोलला नाहीस.

संध्याकाळी पाणी खालच्या आळीत उभं होतं. आळीत माणूस नव्हतं, जनावर नव्हतं. आमच्या जुन्या घराच्या भिंती दुसऱ्या दिवशी बसल्या. त्याआधी तू आणि मी गुडघाभर चिखलातून आत गेलो होतो. पाण्याची खूण फळीच्या चार बोटं खाली होती. तू ती बघितलीस आणि माझ्याकडं बघायचं टाळलंस. त्या क्षणी तू "बघ राव" असं म्हणाला असतास तर मला सोपं गेलं असतं. मी तुझ्याशी भांडलो असतो आणि मोकळा झालो असतो.

पुरानंतर पाहणीला वरचे साहेब आले तेव्हाची गोष्ट मात्र मला लिहिलीच पाहिजे. माळावर उभी राहिलेली आळी बघून ते खूश झाले आणि त्यांनी विचारलं, ही रेषा कुणाची. तू म्हणालास, "सर्व्हेअरसाहेबांची." मी तोंड उघडलं नाही. साहेबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि निघोज्यापासून पुढच्या गावांचं काम आपल्या दोघांना दिलं. ते गेल्यावर मी तुला विचारलं, असं का सांगितलंस. तू यादीची नक्कल काढलीस, रिकाम्या जागेवर बोट ठेवलंस, आणि म्हणालास, एक सही कमी दिसते ते बरं दिसत नाही. मी सही केली. पुरानंतर केली. कागदावर ती पुराआधीची दिसते.

तेव्हापासून मी तुझा जास्तच हेवा करायला लागलो, सदा. तुझ्याकडून उपकार करून घेणाऱ्याला तुझ्याशी धड भांडताही येत नाही. निघोज्याला आपण एकत्र जायचो, तू बायकांना मिठाचं विचारायचास, मी दुर्बीण लावायचो, आणि तू पट्टी सरळ धरायचास. लोक म्हणायचे, काय जोडी आहे. मला वाटायचं, ह्यातला एकच खरा आहे. पावसात भिजून तुला ताप भरला त्या दिवशीही तू निघोज्यालाच जाणार होतास. मी येतो म्हणालो होतो, आणि आलो नाही, कारण काय तर आदल्या दिवशी तिथल्या म्हाताऱ्यानं मला "भाऊसाहेबांबरोबरचे" म्हटलं होतं. तू एकटा गेलास. दवाखान्यात मी दोनदा आलो. दोन्ही वेळा आपण मोजणीबद्दल बोललो. जे बोलायचं होतं ते तिसऱ्या खेपेला बोलू असं मी ठरवलं होतं.

कोकणातून आलेल्या तुझ्या भावानं आळंदीला नदीकाठीच तुझे सगळे विधी केले. तेराव्याला आळीतल्या प्रत्येक घरातून कुणी ना कुणी आलं. काकीही आल्या. सगळे गेल्यावर मी आईला विचारलं. विचारलं कसलं, अंगावर गेलो. म्हटलं, त्याला त्या पुराचं कुणी सांगितलं होतं ते तुला माहीत आहे. तुला सगळं सांगायचा तो.

आई म्हणाली, "म्यां सांगितलं."

मग तिनं सांगितलं ते तू ऐकलेलंच आहेस, मी पहिल्यांदा ऐकलं. त्या साली खालच्या आळीत घर आमचं एकच होतं, बाकी गोठे. वडिलांना जाऊन महिना झालेला. ओटी भरायला सवाशिणी वाजतगाजत गेल्या, हिला कोण बोलावणार. सगळं गाव ओटी भरून वर देवळात बसलं आणि ही घरात माझ्यापाशी राहिली. दुपारनंतर पाणी उंबऱ्यातून आत आलं. तिनं पाळणा वाशाला बांधला, कणगीवर उभी राहिली आणि माझा पाळणा दोन्ही हातांनी धरून ठेवला. गाडगी फुटली, मीठ गेलं, बियाणं गेलं. पाणी उतरल्यावर गाव खाली यायच्या आत तिनं घर सारवून काढलं. कुणाला सांगितलं असतं तर ओटी फुकट गेली हे कळलं असतं, आणि ओटी कुणामुळं फुकट गेली असं लोकांनी विचारलं असतं, आणि पाटलांच्या घरात विधवा एकच होती. म्हणून तिनं फळी उंच ठोकली आणि तोंड मिटलं.

सदा, मी त्या पाळण्यात होतो. गावातल्या सगळ्यांत मोठ्या पुरात मी होतो, आणि मी रेषा दगडापासून काढली.

मी आईला विचारलं, "मला का नाही सांगितलंस? मी तुझा मुलगा. त्याला सांगितलंस."

आई म्हणाली, "तू लिवलं नसतंस."

मला ओरडावंसं वाटलं. म्हणायचं होतं, एकदा विचारून तर बघायचं. पण मला चावडी आठवली. पाटलांनी विचारल्यावर मी काय बोललो ते आठवलं. आईनं मला शिक्षा म्हणून हे सांगितलं नाही. डाळीत खडा आहे हे सांगावं तसं सांगितलं. तिनं सगळ्या गावात एक माणूस शोधला ज्याला तिचं गुपित सांगता येईल आणि जो ते स्वतःच्या अंगावर घेईल, आणि तो माणूस मी नव्हतो. तू तिचं नाव शेवटपर्यंत सांगितलं नाहीस. मलासुद्धा नाही. मी तुला इतकं टोचलं, मिठाच्या बरण्यांवरून कचेरीत हसं केलं, तरी तू एकदाही म्हणाला नाहीस की घरी जाऊन आपल्या आईला विचार. मी तुझ्या जागी असतो तर म्हटलं असतं. हेवा वाटतो तो ह्याचा. भाकरीचा नाही, साहेबांच्या शाबासकीचा नाही. चावडीत तुझा अपमान झाला त्याचासुद्धा मला आता हेवा वाटतो, कारण तो माझा व्हायला हवा होता.

गेल्या आठवड्यात साहेबांनी मला बोलावलं. तुझ्या कामाची आठवण दप्तरात राहावी म्हणून दोन पानं लिहून द्या म्हणाले, तुमच्याइतकं जवळून कुणी पाहिलं नाही. मी बसलो आणि जे लिहिलं ते असं झालं. सही मी पुरानंतर केली, हे लिहिलं. रेषा सुतळीची होती, दुर्बीण पेटीत होती, हेही लिहिलं. ह्यानं माझी नोकरी जाईल की नुसती नाचक्की होईल ते मला ठाऊक नाही. आईला विचारलं, तुझं नाव घालू का. ती म्हणाली, घाल, आता आळी वर आलीया, आणि जाऊबाईंनी सोताच्या डोळ्यांनी बगितलंय.

काल दुपारी मी हे सगळं तिला वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती. चावडीच्या जागी तिचा हात थांबला, पुन्हा चालू झाला. पाळण्याच्या जागी तिनं मला थांबवून सांगितलं की वाशाला तिनं लुगडं बांधलं होतं, दोर नव्हता. मी तशी खूण करून ठेवली. शेवटपर्यंत वाचून झालं तेव्हा मी तिच्याकडं बघत राहिलो. ती काय म्हणते ह्याची एवढी वाट मी शाळेच्या निकालाच्या दिवशीही पाहिली नव्हती.

तिनं सूप खाली ठेवलं, हात झटकले आणि म्हणाली, "चांगलं लिवलंस. सायबाला द्यायच्या आदी येकदा सदाला दाखीव."

मग तिच्या लक्षात आलं. मी कागद गुंडाळले, आणि आम्ही दोघं तसेच बसून राहिलो.